मामाची मांडी

माझ्या मेहुण्याचं नाव जोतिराम. तो मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं दाजी म्हणतात. मी त्याला आजवर एकदाही दाजी म्हटलेलं नाही. तोही मला 'पाव्हणं' म्हणतो, आणि असं म्हणतो की ऐकणाऱ्याला दारातूनच परत फिरावंसं वाटावं.

माणूस उंच, हाडकुळा, तोंडाचा फटकळ. सोलापुरात भवानी पेठेत शाळेचे गणवेश शिवायचा एक कारखाना आहे, तिथं तो कापड कापतो. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर खडूनं आखायचं, मशीन फिरवायची, की एका दमात चाळीस पोरांच्या चड्ड्या. कटिंग मास्तर म्हणतात त्याला. त्याआधी तो मेंढरं कातरायचा. करमाळ्याकडची त्यांची टोळी दरवर्षी आमच्या सांगोल्याच्या बाजूला यायची. बाकीचे दिवसाला तीस मेंढरं उरकायचे, हा चाळीस करायचा, आणि एकाच्याही अंगावर रक्ताचा ठिपका दिसायचा नाही. एवढं मला कबूल आहे. त्याचा हात बघूनच आमच्या वडिलांनी सोनाली त्याला दिली. पुढं लोकरीला कुत्रं विचारेना, आमच्या वस्तीवर भरलेली पोती तशीच कुजून गेली. तेव्हा हा कातर गुंडाळून सोलापूरला गेला आणि माझ्या धाकट्या बहिणीला पत्र्याच्या दोन खोल्यांत घेऊन गेला.

तिथंच ती गेली. कावीळ झाली होती. मला फोन आला तेव्हा दवाखान्यात नेऊन दोन दिवस झाले होते, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आधी का नाही कळवलं म्हणून मी विचारलं, तर म्हणतो, "तुमाला कळवून काय झालं असतं? डाक्टर तर हितंच हुता." तिच्या मयतीला उभा राहून हे बोलला तो. ते वाक्य मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पोरगं अकरा महिन्यांचं होतं. मल्हार. त्याच्या गावी, तेराव्याला सगळे पाव्हणे बसलेले असताना मी म्हणालो, "पोरगं आमी नेतो. आई हाय, माझी बायकू हाय, दारात शेळीचं दूध हाय. तू एकटा सोलापुरात काय दिवे लावणार?" चारचौघांनी माना हलवल्या. जोतिराम उठला, माझ्या आईच्या मांडीवरनं पोरगं उचललं, खांद्यावर टाकलं आणि एसटी स्टँडकडं चालायला लागला. दुधाची बाटलीसुद्धा घेतली नव्हती त्यानं. ती द्यायला माझी बायको मागं पळत गेली.

आता मांडीचं सांगतो, कारण सगळं भांडण तिच्यावरनं आहे. पोराचे जन्मापासूनचे केस म्हणजे जावळ. ते पहिल्यांदा काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, आणि नंतर मामानं आणलेली नवी टोपी त्याच्या डोक्यावर घालायची. काढायचं ते पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा वर्षी. सम वर्षात कातर लावायची नाही. सोनालीनं करमाळ्याच्या कमळाभवानीला नवस बोलला होता की जावळ तुझ्याच दारात काढीन. पहिल्या वर्षातलाच मंगळवार ठरला होता. "दादा, मांडी तुझीच बरं का," असं ती फोनवर म्हणाली होती. तो मंगळवार आला तेव्हा ती नव्हती.

तिसऱ्या वर्षी जोतिराम आमच्या वस्तीवर आला. बसला, पण चहाला हात लावला नाही. "जावळ काढायचं हाय. मांडी द्या," म्हणाला.

"देतो की," मी म्हणालो, "पण मग पोरगं हितंच राहील."

तो उठला. "मांडी मागाय आलोय. पोरगं द्याय न्हाय," म्हणाला आणि आला तसा गेला.

पाचव्या वर्षी त्यानं फोन केला. मी तेच बोललो, त्यानंही तेच उत्तर दिलं. माझी आई, फुलाबाई, माझ्यावर चिडली. "सया, लेकराचा काय गुन्हा?" म्हणाली. मी ऐकलं नाही. मला पक्कं माहीत होतं की सोनालीचा नवस हा मोडणार नाही, मामाशिवाय जावळ काढणार नाही, आणि एकट्यानं पोर वाढवणं त्याला झेपणार नाही. कधी ना कधी हात टेकेल आणि पोरगं घेऊन माझ्या दारात येईल. मी वाट बघत होतो.

नुसती वाट बघत होतो असंही नाही. माझी डाळिंबाची बाग आहे. हंगामात आठवड्यातनं दोनदा पहाटे पिकअप भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात जातो. माल उतरला की सात वाजता मी गाडी भवानी पेठेत त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लावायचो आणि काचा वर करून बघत बसायचो. त्याचं काय चुकतंय ते मला हवं होतं. एवढ्या चुका गोळा करायच्या की पुढच्या बैठकीत पाव्हण्यांपुढं त्याला तोंड वर करता येऊ नये.

चुका भरपूर होत्या. पोराला दारात पाट टाकून बसवायचा आणि त्याची वेणी घालायचा. पाच वर्षांचं वाढलेलं जावळ, पाठीपर्यंत आलेलं. वेणी रोज वाकडी. एक पेड जाड, दोन बारीक. पोरगं कळवळलं की "हलू नको" म्हणून खेकसायचा. मग दुधात भाकरी कुस्करून ताटली पुढं आदळायचा. खाल्लं नाही तर ओरडायचा, लवकर खाल्लं तरी ओरडायचा. दप्तराचा बंद तुटलेला, तर तिथंच उभा राहून सुई-दोरा काढून शिवायचा आणि पोराला म्हणायचा, "परत तोडलास तर पोत्यातनं पुस्तकं नेशील." शाळा सुटल्यावर पोरगं कारखान्यात जायचं आणि कापायच्या टेबलाखाली कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपायचं. हे मला चनबसप्पानं सांगितलं. चनबसप्पा म्हणजे त्याच कारखान्यातला इस्त्रीवाला, जोतिरामच्या शेजारीच राहतो, अक्कलकोटकडचा म्हातारा. मी कोण ते न सांगता चहाच्या टपरीवर त्याला बोलतं केलं होतं. मी म्हणालो, "टेबलाखाली झोपवतो? पोरगं हाय का मांजर?" तर म्हातारा हसला. म्हणाला, "अय्यो, त्यो झोपला की मास्तर मशीन बंद करतो बघा. आवाज नको म्हणून हाताच्या कातरीनं कापत बसतो. मालक शिव्या देतो तरी."

हे काही मी चुकांमध्ये धरलं नाही. पण पाव्हण्यांना सांगितलंही नाही.

यंदा पोरगं पहिलीत गेलं. सातवं वर्ष चालू. शाळेच्या मुख्याध्यापिका विजयमाला बाई कडक. पहिल्याच आठवड्यात जोतिरामला बोलावून सांगितलं, मुलाचे केस कापून आणा. हा म्हणाला, "पोरींच्या वेण्या चालत्यात, माझ्या पोराची का चालत न्हाय?" बाई म्हणाल्या, नियम आहे. हा म्हणाला, "तुमच्या शाळंचे दोनशे गणवेश मीच कापलेत. त्यात केसाचं माप मला कुणी दिलं न्हाय." बाईंनी कपाळाला हात लावला. पोरं मल्हारला 'मल्हारीबाई' म्हणून चिडवायची. एकदा तो रडत घरी आला तेव्हा जोतिरामनं त्याला जवळबिवळ घेतलं नाही. "चिडवणाऱ्याची चड्डी कुणी कापली इचार," एवढंच म्हणाला. चनबसप्पाला ह्याचं फार कौतुक. मला नाही. पोराला रडू येत असताना बाप असं बोलतो का?

दिवाळीनंतर त्या केसांत उवा झाल्या. होणारच होत्या. वर्गातल्या आयांनी तक्रार केली आणि बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, उवा जाईपर्यंत मुलाला पाठवू नका. जोतिरामनं दोन दिवस कामावर खाडा करून पोराला उन्हात बसवलं आणि कोकराच्या अंगावरचे गोचीड वेचावेत तशा उवा वेचल्या. संपेनात. मग त्यानं ते केलं जे धनगराच्या पोटी जन्मलेला माणूसच करेल. सीताफळाच्या बिया वाटून तेलात कालवल्या आणि पोराच्या डोक्याला चोपडल्या. आम्ही मेंढरांना हेच लावतो. मीही लावलंय. उवा, पिसवा, सगळं मरतं. फक्त लावताना मेंढराचे डोळे फडक्यानं बांधतात. जोतिरामनं लावताना मल्हारचेही बांधले होते. धुताना सोडले. पोरानं मान खाली घातली आणि सगळं पाणी डोळ्यांत उतरलं.

चनबसप्पा सांगतो की त्या पोराची किंकाळी आख्ख्या गल्लीनं ऐकली.

आईचा फोन आला तेव्हा मी बागेत होतो. "मल्हारचे डोळे गेले," असं काहीतरी ती रडत बोलत होती. डोळे गेले नव्हते. दोन्ही बुबुळं भाजली होती, पट्ट्या बांधल्या होत्या, आठवडा लागेल आणि नजर शाबूत राहील असं डॉक्टर म्हणाले होते. पण ते मला नंतर कळलं. मी आईला घेऊन सोलापूरला गाडी पळवली, आणि खरं सांगायचं तर त्या वाटेवर मला दु:ख कमी आणि जिंकल्यासारखं जास्त वाटत होतं. मिळाली होती मला हवी ती चूक. आता कोण ह्याच्या बाजूनं बोलतो बघतो, असं मी मनात घोकत होतो.

दवाखान्यात जोतिराम खाटेशेजारी खाली फरशीवर बसला होता. मी दारातूनच सुरुवात केली. "मेंढराचं औषध पोराला लावलंस. अक्कल गहाण टाकलीस का? सोनाली असती तर हे झालं असतं का? आता गप पोरगं माझ्या हवाली कर."

तो उठला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला नाही. "चुकलं माझं," म्हणाला. "त्येचं काय ते मी बघतो. पण उवा कशात झाल्या, पाव्हणं? केसात. आन् केस कुणापायी हायत त्येच्या डोसक्यावर?"

आई माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात खाटेवरनं पोरानं हात पुढं केला, चाचपडत. मी पुढं झालो आणि तो हात धरला. मल्हारनं माझी बोटं एकेक करून चाचपली आणि हात काढून घेतला. "ह्यो पप्पा न्हाय," म्हणाला. जोतिरामनं त्याचा हात हातात घेतला. त्याच्या अंगठ्याला कातरीचा घट्टा आहे. पोरगं त्या घट्ट्यावर बोट ठेवून गप पडून राहिलं.

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या की आत्ताच डोकं भादरून टाका. जोतिराम नाही म्हणाला. सोनालीचा शब्द आहे, म्हणाला. मला त्याच्या ह्या हट्टाचा इतका संताप आला की मी आईला तिथंच सोडून निघून आलो. पण 'मांडी तुझीच' हा शब्द तिनं मलाही दिला होता, आणि हे आठवलं की संताप माझ्याकडंच वळत होता.

पंधरा दिवसांनी आईनं सांगितलं, येत्या मंगळवारी करमाळ्याला जावळ आहे. माघात पोराला आठवं लागेल, मग परत वर्षभर थांबावं लागेल, म्हणून आत्ताच.

"मांडी कुणाची?" मी विचारलं.

"चनबसप्पाची. मानलेला मामा म्हणं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या बहिणीचं पोर, आणि मांडी इस्त्रीवाल्याची? मंगळवारी सकाळी मी एकटाच गाडी काढली. आईला घेतलं नाही, नवे कपडे घेतले नाहीत, काही म्हणजे काही घेतलं नाही. जावळाला निघालोच नव्हतो मी. मोडायला निघालो होतो.

पोचलो तेव्हा देवळाच्या आवारात चनबसप्पा पाटावर मांडी घालून बसला होता. न्हावी वस्तऱ्याला पाणी लावत होता. मल्हार काळा चष्मा लावून बापाचं बोट धरून उभा, वेणी सोडलेली, केस कमरेपर्यंत. मागनं बघितलं तर सोनालीच लहानपणची. मी चनबसप्पाच्या दंडाला धरलं. "ऊठ," म्हणालो. म्हातारा उठला. मी पाटावर बसलो आणि जोतिरामकडं बघितलं. म्हणलं आता भांडू दे. मला भांडायचंच होतं.

जोतिराम भांडला नाही. पोराला उचलून त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं.

पोरगं अंग चोरून घ्यायला लागलं. "मला आजोबांच्या मांडीवर बसायचंय."

"बस हितंच," जोतिराम म्हणाला. "तुझा मामा हाय त्यो. आईचा भाऊ."

मल्हारनं मान वळवून चष्म्यातनं मला निरखलं. "ह्यो तर कोपऱ्यावरच्या गाडीतला माणूस हाय," तो म्हणाला. "काचा वर करून बसतो तो. पप्पा, तुमी म्हणला हुता त्येच्याकडं बघू नको, त्येला लाज वाटंल."

न्हाव्यानंसुद्धा मान खाली घातली. जोतिराम माझ्याकडं न बघता म्हणाला, "चला, लावा कातर." म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. आठवड्यातनं दोनदा, मी काचेआड बसून चुका टिपत असताना, हा माझ्याकडं पाठ करून पोराची वेणी घालत होता. मला पाटावरनं उठून पळून जावंसं वाटलं. पण मांडीवर पोरगं होतं. मामानं मध्येच उठायचं नसतं.

पहिली बट कातरीनं कापली. जावळ जमिनीवर पडू द्यायचं नाही, म्हणून चनबसप्पानं खांद्यावरचा टॉवेल पसरून समोर धरला. पोरगं हलायला लागलं तसा जोतिराम पुढ्यात उकिडवा बसला आणि त्यानं पोराच्या हातात आपला अंगठा दिला. पोरगं शांत झालं. न्हाव्याला मात्र तो सुखानं काम करू देईना. "कातर आडवी धरा. कानामागं चामडी वढून घ्या. मेंढरू बी असं कातरत न्हाईत." त्या पोराचं वजन माझ्या मांडीला नीट कळत होतं. अंगाला साबणाचा वास होता. त्याच्या मानेवर दोन ठिकाणी खाजवून झालेल्या जुन्या जखमा होत्या, त्या केस गेल्यावर दिसल्या.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं, बस. एवढ्यासाठी मी त्याला चार वर्षं अडवून धरलं होतं. मला लाज वाटली, आणि ती मी कुणावर ढकलावी हेही कळेना.

"टोपी घाला मामा," न्हावी म्हणाला. टोपी मामानं आणायची असते. मी खिसे चाचपले. खिशात गाडीची किल्ली होती.

जोतिरामनं पिशवी उघडली आणि माझ्या पुढ्यात धरली. आत चार टोप्या होत्या. एक मल्हारच्या आत्ताच्या मापाची, गणवेशाच्याच निळ्या कापडाची. दुसरी तिच्याहून लहान, पाचव्या वर्षाची. तिसरी आणखी लहान. आणि सगळ्यांत खाली एक एवढंसं टोपडं, मूठभर, कडेला लाल टाका घातलेलं. ते हातानं शिवलेलं होतं. बाकीच्या तिन्हींची शिवण मशीनची होती. तो टाका सोनालीचा होता.

"दर खेपंला करून ठिवत हुतो," तो म्हणाला. "तुमी आयत्या वक्ताला आलाच तर हातात काय नसंल, म्हणून."

मी निळी टोपी काढली आणि मल्हारच्या डोक्यावर घातली. बरोबर बसली. पोरगं लगेच मांडीवरनं उतरलं आणि चनबसप्पाला टोपी दाखवायला पळालं.

बाकीच्या तीन टोप्या जोतिरामनं पिशवीसकट माझ्या मांडीवर ठेवल्या. "ह्या न्या आता," म्हणाला, "ह्या काय त्येला येत न्हाईत."